सातव्या हौदाचा तळ

माझ्या भावाला गल्लीत सगळे 'सातपाणी' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असणार, कारण एखाद्याच्या तोंडून चुकून निघालंच तर तो चिडायचा नाही. म्हणायचा, "सहा म्हणा. सातवं माझं नाही, बाबांचं आहे."

आम्ही सूत रंगवणारे. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली एक लांबलचक शेड. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला गल्लीचं गटार आणि दोघांच्या मध्ये सिमेंटचे सात हौद, प्रत्येक हौद आधीच्यापेक्षा वीतभर खाली. नळाचं पाणी फक्त पहिल्या हौदात पडायचं. त्यात फिकट पिवळ्या लडी धुऊन झाल्या की तेच पाणी दुसऱ्यात उतरवायचं, तिथे गडद पिवळं. मग केशरी, लाल, मरून, तपकिरी आणि सगळ्यात शेवटी काळं. लडी धुताना पाण्यात जो रंग सुटतो तो पुढच्या गडद रंगाला बाधत नाही, उलट त्याचं पोट भरतो, असं बाबा सांगायचे. त्यामुळे सोमवारी पिवळ्याने सुरुवात आणि शनिवारी काळ्याने शेवट, हा आमचा आठवडा. बुधवारी कुणी पिवळ्याची घाई घेऊन आलं तर दादा सरळ सांगायचा, "सोमवारी या. पाणी मागे चढत नाही." गिऱ्हाईक कितीही मोठं असो, हेच उत्तर. माणूस कुरकुरत जायचा आणि सोमवारी यायचा.

नळाचं चाक फिरवायचा अधिकार फक्त दादाला. मी त्याची सख्खी बहीण, एकोणिसाव्या वर्षापासून त्याच्याबरोबर राबलेली, गच्चीवर लडी वाळत घालून माझी पाठ मोडली, पण त्या चाकाला मी हात लावला की तो शेडच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचा. घरीही तेच. वहिनी भाजी धुवायला लागली की हा मागे उभा. ती म्हणायची, "अहो, हा स्वयंपाकघराचा नळ आहे, तुमचा हौद नाही!" मग तो ते पाणी बादलीत धरून कुंडीला घालायचा. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नव्हतं. वहिनीने तो केला, आणि त्याबद्दल तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

सातव्या हौदाचं मात्र वेगळं होतं. तो बाबांच्या काळापासून कधीच पूर्ण रिकामा झाला नव्हता. काम संपलं की दोन वीत पाणी तळाला राखायचं, पुढच्या आठवड्याचं त्यावर उतरवायचं, हा नियम. आधीच्या सहा हौदांचा सगळा अर्क वर्षानुवर्षं त्या तळात मुरलेला. उन्हात पाणी आटायचं, गाळ आम्ही चाळणीने काढून पोत्यात भरायचो, आणि गटारात आमच्याकडून जायचं ते आठवड्याला चार बादल्या. त्या तळामुळे आमचा काळा रंग काळाच दिसायचा, पण उन्हात धरला की त्याच्या आत कुठेतरी ऊब दिसायची. गालिचे विणणारे एक काका होते, बावीस वर्षं त्यांच्या प्रत्येक गालिच्याचा काठ आमच्या काळ्याचा. ते लड हातात घेऊन नुसतेच बघत बसायचे. दादा तेव्हा उगाचच इकडच्या बादल्या तिकडे करायचा. कौतुक ऐकताना त्याला एका जागी उभं राहता यायचं नाही.

आमच्या समोरच दुसरा रंगारी होता. मी त्याचं नाव 'धबधबा' ठेवलं होतं, कारण त्याचे तिन्ही नळ सकाळी सुरू व्हायचे ते दुपारी जेवायच्या सुट्टीतही बंद व्हायचे नाहीत. कुठलाही रंग, कुठल्याही दिवशी, दर वेळी कोरं पाणी आणि काम झालं की गटारात. गटार कधी लाल, कधी हिरवं. तो मनाने वाईट नव्हता. पाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, इतकंच.

मग नियम आला. प्रत्येक रंगशाळेत वर्षभराच्या आत मंजूर यादीतलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलंच पाहिजे, नाहीतर परवाना रद्द. किती पाणी सोडता, कसलं सोडता, हे कुणी विचारलं नाही. यादीतलं सगळ्यात लहान यंत्रसुद्धा आमच्या कारखान्यापेक्षा महाग होतं. दादाने नोटीस दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याचा केशरी डागाळला.

आता माझी करणी सांगते. योजना मीच शोधून काढली. लहान आणि मध्यम उद्योगांनी पर्यावरणासाठी गुंतवणूक केली तर साठ टक्के खर्च सरकार देणार, अशी ती योजना होती. जाहिरातीत हिरवं पान होतं आणि हसणारा कारखानदार होता. मी फोन नाचवत शेडमध्ये गेले. म्हटलं, "दादा, ही तर तुझ्यासाठीच काढलीय! पाणी वाचवणाऱ्याला मदत!" त्यानेही ते खरं मानलं. तीस वर्षांत मी त्याला इतकं खुश बघितलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्याबरोबर कार्यालयात आला, पाण्याची सगळी बिलं पिशवीत घेऊन, शाळेतला पोरगा प्रगतिपुस्तक घेऊन जातो तसा.

तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वाईट असत्या तर मला बरं पडलं असतं. त्यांनी आम्हाला बसवलं, बिलं एकेक करून बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"महिन्याला नऊ युनिट? एवढ्या कामाला?"

"हो," दादा म्हणाला. छाती जरा पुढे आली होती.

"मग तुम्ही कमी कशातून करणार?"

दादाला कळलं नाही. मलाही नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. मदत मिळते ती बचतीला. बचत म्हणजे मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीपेक्षा निदान चाळीस टक्के पाणी कमी. त्या सरासरीला 'आधारभूत आकडा' म्हणतात. आमचा आधारभूत आकडा नऊ. नवाचे पाच करायची हमी दिली तर मदत.

"पण नऊच्या खाली काम होत नाही हो," दादा म्हणाला. "बाबांनी करून बघितलं होतं."

"तेच म्हणतेय मी. तुमच्याकडे वाचवायला काही उरलंच नाही." त्यांनी बिलं नीट जुळवून परत दिली. "मला खरंच वाईट वाटतंय. पण फॉर्ममध्ये आधी केलेल्या बचतीचा रकानाच नाही."

बाहेर आल्यावर दादा पायरीवर बसला. मी तोंडाला येईल ते बोलत होते, सरकारला, फॉर्मला, त्या हिरव्या पानाला. तो एवढंच म्हणाला, "बाई खोटं नाही बोलली."

पंधरा दिवसांत धबधब्याला मदत मंजूर झाली. त्याचे महिन्याला दीडशे युनिट होते. दोन नळ बंद केले की चाळीस टक्के झाले! त्याच्या दारावर हिरवी पाटी लागली, 'पर्यावरणस्नेही उद्योग'. तो पेढे वाटावेत तशा उत्साहाने आम्हाला सांगायला आला आणि वर म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्हाला तर माझ्याआधी मिळेल!" दादा हसला. मला त्या माणसाला पहिल्या हौदात बुडवावंसं वाटलं, पण पाणी वाया गेलं असतं.

त्यानेच आपला सल्लागार आमच्याकडे पाठवला. चकचकीत बूट, हातात पातळशी फाइल. शेडमध्ये ओल्या जमिनीवर पाय कुठे ठेवावा हे त्याला कळेना. दादाने हौद दाखवायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "काका, हे सगळं छान आहे, पण हीच तर तुमची अडचण आहे. सहा महिने पाणी सोडा."

"सोडा म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक हौदाला नवं पाणी घ्या. वापरलेलं गटारात. मीटर वर जाऊ द्या. साठापर्यंत नेलंत की पुढच्या फेरीत अर्ज करू. मग यंत्र येईल, तुम्ही परत वाचवायला लागा, आहे काय नि नाही काय!"

दादाने त्याला हाकलून दिलं. अगदी शब्दशः, लड उचलायची काठी हातात घेऊन. मला अभिमान वाटायला हवा होता. पण मुदतीला आठ महिने राहिले होते, बँकेने नकार दिला होता, आणि परवाना गेला असता तर दादाने काय केलं असतं? त्याला दुसरं काही येत नाही. मलाही येत नाही. म्हणून मी त्याच्या मागे लागले. रोज. सकाळी लडी उचलताना, दुपारी डबा खाताना. म्हटलं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. म्हटलं, तुझ्या हट्टापायी वहिनीला रस्त्यावर आणणार का? वहिनीचं नाव काढलं की तो हरतो, हे मला लहान बहीण म्हणून पक्कं माहीत होतं आणि मी ते वापरलं. वहिनी स्वतः एक शब्द बोलली नव्हती.

एका सोमवारी त्याने नळाच्या चाकावर हात ठेवला, काढला आणि मला हाक मारली. म्हणाला, "घे. आता तू फिरव. मला नाही जमत."

मी फिरवलं. सातही हौद कोऱ्या पाण्याने भरायचे म्हणजे सातवा आधी रिकामा करणं आलं. त्याच्या तळाला लाकडी बोळा होता, बाबांनी ठोकलेला. तो इतका फुगला होता की हाताने निघेना. दादा हौदात उतरला, गुडघ्यापर्यंत काळ्या पाण्यात, आणि हातोडीने आडवे घाव घालायला लागला. मी म्हटलं, "दादा, तळ थोडा डब्यात भरून ठेवूया का?" तो म्हणाला, "दोन वीत पाणी डब्यात मावतं का?" आणि घाव घालत राहिला. आज वाटतं, दहा डबे भरून ठेवले असते. वीस ठेवले असते. त्या दिवशी आम्हाला दोघांनाही वाटत होतं की तळ काय, परत साठेल. बाबांना तो साठवायला किती वर्षं लागली, हा हिशेब आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. इतकी वर्षं तो आयता होता ना.

बोळा निघाला. पाणी गेलं. गल्लीच्या गटारातून काळंकुट्ट वाहत धबधब्याच्या दारावरून, त्या हिरव्या पाटीखालून गेलं. तो बाहेर येऊन उभा राहिला. मला वाटलं आता काहीतरी खोचक बोलणार. पण त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "सातपाणी, हे काय करताय?" त्याने हे पहिल्यांदाच तोंडावर म्हटलं.

सहा महिने आम्ही पाणी सोडलं. दादा सकाळी येऊन शेडच्या मागच्या बाजूला बसायचा, मी चाक फिरवायचे, आवाज बंद झाला की तो यायचा. मीटर साठावर गेलं. मधल्या काळात मरून फिका पडायला लागला, तपकिरी कोरडा दिसायला लागला. रंग जास्त घातला तर तो सुतावर बसायचा नाही, बोटाला लागायचा. आणि काळा? काळा नुसता काळा झाला, बुटाच्या पॉलिशसारखा.

गालिचेवाले काका तिसऱ्या महिन्यात आले. दोन लडी घेऊन, एक जुनी, एक नवी. दोन्ही दारातल्या उजेडात धरल्या. "अरे बाबा, हा काळा तुझा नाही."

"माझाच आहे," दादा म्हणाला.

"मग तुझं काहीतरी हरवलंय."

दादाने त्यांना खरं सांगितलं नाही. म्हणाला, थोडे दिवस थांबा, बसेल. ते थांबलेही. पाचव्या महिन्यात परत आले, नव्या लडी बघितल्या आणि हळूच खाली ठेवल्या. "काठ मध्येच बदलला तर गालिचा कोण घेईल? आता गिरणीचं सूत घेतो. त्यात जीव नाही, पण दर वेळी सारखं तरी असतं." जाताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. ते रागावून गेले असते तर दादाने ते सोसलं असतं.

पुढच्या फेरीत आम्ही अर्ज केला. त्याच मॅडम. त्यांनी आमची फाइल उघडली, मग ड्रॉवरमधून जुनी काढली. नऊ आणि साठ शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी विचारलं, "इतकं कसं वाढलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "सोडलं."

मला वाटलं झालं, आता फाइल बंद. पण त्यांनी पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'उत्पादनात वाढ'. म्हणाल्या, "आता पात्र आहात." त्यांनी आमच्यावर उपकार केले होते, आणि तिघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं.

मंजुरीचं पत्र बघून बँकेनेही उरलेल्या खर्चाला कर्ज दिलं आणि यंत्र आलं. पांढरंशुभ्र, एका खोलीएवढं. ते मावावं म्हणून चौथा आणि पाचवा हौद फोडावे लागले. पाणी एका बाजूने घाण जातं आणि दुसऱ्या बाजूने पिण्याइतकं स्वच्छ बाहेर येतं. खोटं कशाला बोलू, फार छान काम करतं. त्यात रंगाचा मागमूस राहत नाही. म्हणजे पुढच्या हौदाला द्यायला काही उरत नाही, आणि तळाला मुरायलाही काही उरत नाही. शिवाय त्याला एक ठराविक धार सतत लागते. धार कमी पडली की लाल दिवा लागतो आणि कार्यालयात आपोआप कळतं. पंधरा दिवस दिवा लाल राहिला तर मदत परत. काम अर्ध्यावर आलेलं, म्हणून काम नसलेल्या दिवशी आम्ही नळ सोडून कोरं पाणी यंत्रात घालतो, ते कोरं पाणी शुद्ध करतं, आणि आम्ही ते गटारात सोडतो.

वर्ष संपल्यावर आकडे काढले. साठाचे अठ्ठावीस. त्रेपन्न टक्के बचत! आमच्या दारावरही हिरवी पाटी लागली. एका सभागृहात कार्यक्रम झाला, दादाला मंचावर बोलावलं, काचेचं पान हातात दिलं. निवेदक म्हणाला, "अशा लहान उद्योजकांकडून आपण शिकलं पाहिजे." टाळ्या वाजल्या. मी खालच्या रांगेत बसून नऊ आणि अठ्ठावीसची वजाबाकी करत होते, आणि माझेही हात टाळ्या वाजवत होते, कारण सगळे वाजवत होते. दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. माइकसमोर उभा राहून तो म्हणाला, "आधी बरं होतं." लोकांना ती गंमत वाटली. हसले.

काचेचं पान वहिनीने कपाटाच्या वर ठेवलंय, धूळ पुसायची वेळ येऊ नये इतक्या वर. कारखाना चालू आहे. परवाना आहे. जे वाचवायचं होतं ते मी वाचवलं, असं कागदावर म्हणता येईल. दादा आठवड्यातून दोनच दिवस काम करतो, तेही हातमोजे घालून, कारण पाटीबरोबर नियमावली आली. उरलेले दिवस मी दिवा बघत बसते.

परवा मी दादा-वहिनीकडे दुपारची गेले होते. जेवण झालं, दादा हात धुवायला उठला. मागून बघितलं तर त्याचे हात अगदी गोरे दिसले. नखांच्या कडाही. जन्मात मी माझ्या भावाची नखं पांढरी बघितली नव्हती. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा त्याच्या बोटांवर मरून होता. तो हात धुऊन पुसायला वळला आणि नळ तसाच राहिला, पूर्ण उघडा, धो धो. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिला सवय झाली असावी.

मी म्हटलं, "दादा, नळ."

तो टॉवेलने एकेक बोट पुसत होता. "राहू दे गं," म्हणाला. "पुढच्या योजनेला उपयोगी पडेल."

मी उठून नळ बंद केला.